मास्तरणीचा डूख

गाडी शिकायला आलेली बाई चालवता चालवता रडायला लागली, तरी मास्तरीण तिला गाडी थांबवू द्यायची नाही. "रड की, कोण नको म्हणतंय," ती म्हणायची, "पण आरशात बघत रड. मागून ट्रक येतोय." मग ती बाई हुंदके देत आरशात बघायची, गिअर टाकायची आणि पुढच्या चौकापर्यंत रडणं आपोआप आवरतं घ्यायची. मास्तरणीच्या पायाशी ब्रेकचं दुसरं पॅडल होतं, पण त्यावर तिचा पाय क्वचितच पडे. बाईमाणसाचा पाय स्वतःच्या ब्रेकवर बसला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

गोदामांच्या मागच्या चार-पाच गल्ल्यांत तिच्या भाषेची माणसं राहत. दूरच्या मुलखातून पोटासाठी आलेली. दाराच्या आत आपली भाषा, दाराबाहेर इथली. बायका तिला मास्तरीणबाई म्हणत. पुरुष तिच्या माघारी तिला 'ब्रेक फेल' म्हणत, कारण तिची जीभ एकदा सुटली की समोर कोण उभा आहे हे बघत नसे. तिच्या कानावर ते नाव गेलं होतं. तिला ते आवडलंही होतं.

ती या शहरात आली ती लग्न होऊन. नवरा गोदामात मुकादम. चारचौघांत गोड बोलणारा, हातात पिशवी घेऊन बायकोच्या मागे चालणारा. घराचं दार लागलं की तो माणूस वेगळा व्हायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मार, कमी झालं म्हणून मार, आणि मीठ बरोबर असलं तर ती वर तोंड करून बघते म्हणून मार. रात्रीचं तर बोलायलाच नको. नको म्हटलेलं त्याला ऐकूच येत नसे. ते जे व्हायचं त्याला आपल्या भाषेत शब्द होता, पण तो कुणापुढे उच्चारायची सोय नव्हती. इथल्या भाषेतला शब्द तर तिला ठाऊकच नव्हता.

एकदा त्याने तिला पलंगाच्या कडेवर असं ढकललं की बरगडीच मोडली. श्वास घेतला की आत सुरी फिरायची. शेजारणीने तिला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेलं. तिथल्या अंमलदाराला हिची भाषा येईना, हिला त्याची. त्याने निरोप धाडला, आणि भाऊ आले.

भाऊ म्हणजे वस्तीचा मोठा माणूस. किराणा मालाचं दुकान, अंगात सदा इस्त्रीचा शर्ट, दोन्ही भाषा लोण्यासारख्या. पोलीस असोत, इस्पितळ असो की कचेरी, वस्तीतल्या माणसाचं तोंड म्हणजे भाऊ. सरकारी यादीतले अधिकृत दुभाषी. त्यांना बघून तिच्या जिवात जीव आला. आपलं माणूस आलं! तिने सगळं सांगितलं. बरगडीचं सांगितलं, आणि मान खाली घालून, परक्या पुरुषासमोर, त्या दुसऱ्या गोष्टीचंही सांगितलं. सांगताना घाम फुटला, पण मागं काही ठेवलं नाही.

भाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं, अंमलदाराकडे वळले आणि एक वाक्य बोलले. एकच. अंमलदाराने हसून पेनाचं टोपण लावलं.

"काय म्हणाले ते?" तिने विचारलं.

"पोरी, ते म्हणतात यात त्यांना काही करता येत नाही," भाऊ मायेने म्हणाले. "घरी जा. भांड्याला भांडं लागायचंच."

भाऊंनीच तिला घरी आणून सोडलं. नवऱ्याने त्यांना चहा पाजला.

पण ते वाक्य तिच्या कानात राहिलं. अर्थ कळला नव्हता, पण आवाज जसाच्या तसा, घशात हाडूक अडकावं तसा. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती ते पोपटासारखं मनात म्हणायची.

पुढं एकदा जीव नकोसा होऊन ती शहरातल्या आधारगृहात गेली. तिथली माणसं वाईट होती असं तिने कधी म्हटलं नाही. स्वच्छ चादर दिली, गरम जेवण दिलं, पाठीवरून हात फिरवला. पण बोलणार कुणाशी? सगळ्या तिच्याकडे बघून हसायच्या आणि तीही हसायची. दिवसभर हसून हसून गाल दुखायचे आणि पोटातलं पोटातच राहायचं. शेवटी दुभाष्याला बोलावतो असं त्यांनी खुणेनं सांगितलं. दुभाषी म्हणजे कोण, हे तिला बरोबर ठाऊक होतं. तिने पिशवी उचलली आणि परत मारणाऱ्याच्या घरी गेली. का, तर तिथं निदान शिव्या तरी कळत होत्या.

मग गोदामात पेटी पडून नवऱ्याचा गुडघा गेला. त्याला कामावर ने-आण करायला कुणीतरी हवं, म्हणून त्यानेच तिला गाडी शिकायला धाडलं आणि गाडीसाठी लागते म्हणून इथल्या भाषेच्या वर्गातही नाव घातलं. कुऱ्हाडीला दांडा पुरवतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. वर्गातल्या शिक्षिकेने एक दिवस फळ्यावर घराचं चित्र काढलं. दार, खिडकी, जिना. मग एक बाहुली काढली, ती जिन्यावरून गडगडताना, आणि वाक्य म्हणून दाखवलं.

मास्तरणीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. तेच वाक्य. ती जिन्यावरून पडली.

सगळा वर्ग ते एका सुरात म्हणत होता, आणि ती दात-ओठ खात बसली होती. त्यांच्या घराला जिनाच नव्हता! नवऱ्याने बरगडी मोडली ती एकदा. भाऊंनी ती त्याने मोडलीच नाही असं केलं, आणि वर चहा प्यायले. त्या दिवशी तिने डूख धरला. नवऱ्यावर नाही, भाऊंवर. नवऱ्याचा हिशेब तिने लवकरच उरकला. एका सकाळी त्याला गोदामाच्या दारात उतरवलं, त्याची काठी त्याच्या हातात दिली, आणि गाडी पुढं नेली. ती परत वळवलीच नाही.

पुढं ती स्वतःच शिकवू लागली. एकेक करत वस्तीतल्या बायका येऊ लागल्या. चाललेल्या गाडीत सासू नसते, नणंद नसते, भिंतीला कान नसतात. डोळे रस्त्यावर असले की तोंडातून शब्द सोपे निघतात. कुणाच्या मनगटावर वळ, कुणाच्या मानेवर. कुणी नुसतंच म्हणायची, "मास्तरीणबाई, आज घरी जाऊ नये असं वाटतंय." अशा बाईला मास्तरीण टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत नेऊन ठेवायची. त्या खोल्या सिस्टरच्या. सिस्टर म्हणजे याच वस्तीतली, इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका, बोलायला सावकाश आणि निर्णयाला पक्की. खोल्यांत खालून रबराचा वास यायचा, एका वेळी दोघींचं अंथरूण कसंबसं मावायचं, पण तिथं बाईला आपल्या भाषेत रडता येत होतं. तिसरी आली की सिस्टर स्वतः स्वयंपाकघरात झोपायची.

अशात शहराच्या पालिकेने जाहीर केलं की घरात मार खाणाऱ्या आणि जबरदस्ती सोसणाऱ्या बायकांसाठी वेगळा निधी आहे. ज्या त्या समाजाने आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने आधार द्यावा, पैसा पालिका देईल. सिस्टरने अर्ज केला. चार दिवसांनी बातमी आली की भाऊंच्या समाजमंडळानेही केलाय, आणि दोन्ही अर्जांवर पालिकेत सुनावणी होणार आहे. आता भाऊ मंडळाचे प्रमुख होते. त्यांना काढायचं होतं 'कुटुंब समेट केंद्र'. मार खाल्लेल्या बाईला आणि मारणाऱ्याला समोरासमोर बसवायचं, वडीलधाऱ्यांनी समजूत काढायची, आणि संध्याकाळच्या आत बाई घरी.

"मारणाऱ्याच्याच हाती मलम," मास्तरीण म्हणाली. पण खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत चमक होती. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस आपल्या पायाने रस्त्यात आला होता.

आणि त्याच आठवड्यात तिच्या गाडीत भाऊंची सून येऊन बसली.

घरी भाषेच्या वर्गाला जाते सांगून ती आली होती. नाजूक, पापण्या सतत खाली. स्टिअरिंग धरायला बाही वर केली तेव्हा दंडावर दातांचे व्रण दिसले. मास्तरणीने काही विचारलं नाही. दोन वळणं झाली, मग सूनबाई स्वतःच म्हणाली, "मामंजींना माहितेय. ते म्हणतात, आमचा मुलगा जरा तापट आहे."

मास्तरीण संध्याकाळी सिस्टरकडे आली ती जवळजवळ नाचतच. "सिस्टर, देवानं घास भरवला! सुनावणीला हिलाच उभी करू. भर सभेत बाही वर करायला लावू. बघू म्हातारा कुठं तोंड लपवतो!"

सिस्टर चादरीच्या घड्या घालत होती. ती थांबली नाही. "आणि सभा संपल्यावर ती कुठल्या घरी जाईल?"

"इथं येईल!"

"ती म्हणाली का येईन?"

मास्तरीण हातातली गाडीची किल्ली फिरवू लागली.

"तुला विचारलं नव्हतं भाऊंनी, तुझं काय सांगू म्हणून," सिस्टर म्हणाली. "तू हिला विचारलंस?"

मास्तरणीला हे झोंबलं. इतकं झोंबलं की ती दार आपटून गेली आणि दोन दिवस सिस्टरचं तोंड पाहिलं नाही. पण सूनबाईकडे तिने तो विषय काढला नाही. तिला गिअर बदलायला शिकवत राहिली. मन मारून, चरफडत, पण शिकवत राहिली. "ठीक आहे," तिने स्वतःला बजावलं, "माझी बरगडी आहे ना. तीच पुरेल."

पालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. एका बाजूला मंडळाचे पुरुष, इस्त्री केलेले, मागे त्यांच्या बायका, त्यांत भाऊंची सूनही शोभेला आणून बसवलेली. दुसऱ्या बाजूला सिस्टर आणि मास्तरणीच्या शिकाऊ बायका. समितीच्या प्रमुख बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. ज्याला आपल्या भाषेत बोलायचं असेल त्याने बोलावं, दुभाषी हजर आहे, असं त्यांनी सांगितलं. दुभाषी कोण? यादीत त्या भाषेचा एकच माणूस होता. अर्जदारच दुभाषी, यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मास्तरणीने हे आधीच ताडलं होतं आणि मुद्दाम हरकत घेतली नव्हती.

भाऊ छान बोलले. "आमच्या समाजात असले प्रकार जवळजवळ नाहीतच. असलेच तर घरातली वडील माणसं मिटवतात."

मग मास्तरीण उठली. "मला माझ्या भाषेत बोलायचंय."

भाऊ हसले. "यांना इथली भाषा उत्तम येते, बाईसाहेब. त्या ती बोलूनच पोट भरतात."

"येते," मास्तरीण इथल्या भाषेत म्हणाली. "पण ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती माझ्या भाषेत. आजही तशीच सांगणार. भाऊंनीच ती समजावून द्यावी. तेव्हाही त्यांनीच दिली होती."

प्रमुख बाईंनी मान हलवली. भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण त्यातली ऊब गेली.

तिने सांगितलं. पोलीस ठाण्यात जसं सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने. पलंगाची कड, बरगडी, आणि ती दुसरी गोष्टही. या वेळी मान खाली नव्हती. ती समितीकडे बघतच नव्हती, भाऊंच्या डोळ्यांत बघत होती. मंडळाच्या बाजूला पुरुषांची चुळबुळ सुरू झाली. बायका दगडासारख्या.

भाऊंनी घसा साफ केला. "या म्हणतात की पूर्वी त्यांना घरी थोडा त्रास झाला होता. तेव्हा समाजाने त्यांना आधार दिला."

"त्या बराच वेळ बोलल्या," प्रमुख बाई म्हणाल्या. "तुम्ही फार थोडक्यात आटोपलंत."

"मी सोपं करून सांगते," मास्तरीण म्हणाली, आणि आपल्या भाषेत सावकाश, शिकाऊ बाईला सांगावं तसं म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं माझी बरगडी मोडली. सांगा, भाऊ."

भाऊ पाणी प्यायले. "त्यांना... लागलं होतं, म्हणतात."

"कुणी मारलं ते राहिलं. असू दे. आता शेवटचं वाक्य." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी हे पोलीस ठाण्यात सांगितलं, तेव्हा दुभाषी म्हणाला, ही जिन्यावरून पडली. तो दुभाषी तुम्ही होतात. सांगा ना बाईंना."

प्रमुख बाई भाऊंकडे वळल्या.

"काय म्हणाल्या त्या?" प्रमुख बाईंनी विचारलं.

भाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं बोलावं तर समोर दोन्ही भाषा जाणणाऱ्या एवढ्या बायका टक लावून बसलेल्या, खरं बोलावं तर आपल्याच तोंडाने आपलीच अब्रू जाते. ज्याच्या जिभेवर दोन भाषा नाचत होत्या त्या माणसाला एकीतही शब्द सापडेना. मास्तरीण उभी होती. तिला कसलीही घाई नव्हती. त्याच्या कपाळावर घाम जमला, कानशिलावरून ओघळला, इस्त्रीच्या कॉलरमध्ये जिरला. ते सगळं तिने चवीने पाहिलं. पोटभर पाहिलं. आणि मग इथल्या भाषेत, एकही शब्द न गाळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं स्वतः सांगितलं.

बाहेर पडताना सिस्टर म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही," मास्तरीण म्हणाली. "पण भूक लागलीये. खूप दिवसांनी."

निधी सिस्टरला मिळाला. कायमचा नाही, मुदतीचा, पण एक आख्खं घर भाड्याने घेता आलं, आणि दुभाष्यांच्या यादीत वस्तीतल्या दोन बायका आल्या. भाऊंचं नाव चौकशी लावून काढलं गेलं. वस्तीनेही आपला राग काढला. मास्तरणीच्या गाडीची मागची काच फुटली, दारावर घाण शब्द रंगवला गेला, कित्येक घरांनी आपल्या लेकी-सुना शिकायला पाठवणं बंद केलं. "घराची लक्तरं वेशीवर टांगली," असं जो तो म्हणे. तिने काच नवी बसवली. शब्द मात्र मुद्दाम पुसला नाही. "जाहिरात फुकट होतेय," म्हणाली.

काळजी होती ती सूनबाईची. सभेनंतर तिचं येणं बंद झालं. निरोपाला उत्तर नाही. मास्तरणीला जेवण गोड लागेना. आपला सूड तिच्या अंगावर तर नाही ना उलटला? सिस्टर काही बोलली नाही, हे तर जास्तच लागलं.

आणि एका दुपारी नव्या घराच्या रस्त्यावरून कुणीतरी इंजिनाचा गळा आवळत असल्यासारखा आवाज आला. मास्तरीण धावत बाहेर आली. भाऊंची लांबलचक चंदेरी गाडी, पहिल्या गिअरमध्ये किंचाळत, कासवाच्या चालीने येत होती, मागे हॉर्नचा कल्लोळ. स्टिअरिंगला मिठी मारून सूनबाई बसलेली. गाडी फाटकातून आत आली, कुंडी आडवी केली आणि भिंत व विजेचा खांब यांच्या मधोमध पाचरीसारखी बसून बंद पडली.

"दुसरा गिअर पडेचना," सूनबाई म्हणाली. तिचा ओठ फुटलेला होता, पायात चपला नव्हत्या, आणि ती थरथरत हसत होती. "पण आरशात बघत आले, बाई."

"लायसन नाही तुझ्याकडे!" सिस्टर दारातून ओरडली, आणि तिला कवेत घेऊन आत गेली.

भाऊ चालत आले, उन्हात. एकटेच. शर्ट चुरगळलेला. मास्तरणीने त्यांना फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं, पायरीवर नाही.

"सुनेला बोलवा."

"ती तुम्हाला भेटायला तयार नाही. तिचा जबाब उद्या होईल. शब्द न् शब्द लिहून घेतला जाईल."

भाऊंनी पायाने कुंडीची एक खापरी बाजूला सारली. मग हलकेच म्हणाले, "मास्तरीणबाई, तेव्हा चुकलं माझं. संसार वाचवायला म्हणून बोललो. या म्हाताऱ्याला माफ करा."

तिने कितीदा मनात हा क्षण घोळवला होता. त्यात ती कधी थोर मनाने हात जोडायची, कधी थुंकायची. प्रत्यक्षात तिने दोन्ही केलं नाही.

"माफी माझ्याकडे आहे, भाऊ," ती म्हणाली. "पण ती मी खर्च करणार नाही. ही किल्ली घ्या."

भाऊ अंग चोरून, पोट आत ओढून गाडीत शिरले. मागे जायला वाट बोटभर. त्यांनी काच खाली करून तिच्याकडे पाहिलं, शिकवण्याचा धंदा तिचा, म्हणून.

मास्तरीण मागे जाऊन उभी राहिली. डावीकडे खांब, उजवीकडे भिंत. तिने दोन्ही डोळ्यांनी नीट मापून घेतलं आणि हात हलवला. "या भाऊ, या. बिनधास्त या. ढीगभर जागा आहे."

खांबाने गाडीची बाजू पार मागच्या दारापासून पुढच्या दिव्यापर्यंत सोलत नेली. तो आवाज वस्तीतल्या बऱ्याच घरांत पोचला असणार.

सिस्टर खिडकीत आली होती. "तुला लाज नाही वाटत?"

"वाटते ना," मास्तरीण म्हणाली, आणि खापऱ्या गोळा करायला वाकली. "पण आज नाही."